आजीला चर्चच्या मंडळीपासून तुटू न देणाऱ्या ताईंना

ताई, सलाम.

आजीच्या मातीला तुम्ही आलात, भजनं सांभाळलीत, मम्मीला धरून बसलात, पण त्या गडबडीत तुमच्याशी दोन शब्द नीट बोलता आले नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही आजीसाठी काय केलंत हे मंडळीतल्या बऱ्याच जणांना माहीतच नाहीये.

आजीचं माहेर राहुरीकडचं. कवी नारायण वामन टिळक काही काळ राहुरीला होते ना, ते 1919 ला गेले, आजीचा जन्म त्याच्या खूप नंतरचा, पण त्यांची भजनं तिच्या माहेरी रोज संध्याकाळी व्हायची, वडील झांजा घेऊन बसायचे आणि सगळी पोरं मागे गायची, त्यामुळे तिला उपासना संगीत, म्हणजे आपलं भजनांचं पुस्तक, उघडायची गरजच पडायची नाही. लग्न होऊन नगरला आली तेव्हापासून रविवारी पहिल्या घंटेच्या आधी बायकांच्या बाजूला तिची जागा ठरलेली. अर्पणाची नोट शनिवारी रात्रीच बायबलमध्ये ठेवायची, चुरगळलेली नोट तिला चालायचीच नाही, देवाला द्यायचं ते नीट द्यावं म्हणायची. हार्वेस्ट फेस्टिवलला परसातल्या शेवग्याच्या शेंगा न्यायची आणि लिलावात पप्पांना त्या घेऊ द्यायची नाही, आपलंच आपण काय घ्यायचं!

मग काचबिंदूने नजर गेली, गुडघे गेले, चर्चला जाणं बंद झालं. पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला घरी यायचे, आम्ही मोबाईलवर उपासना लावून द्यायचो, पण ती हळूहळू गप्पच होत चालली होती. भेटायला येणारे बिचारे चांगल्या मनानेच म्हणायचे, आजी आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

तुम्ही आलात आणि म्हणालात, आजी, तुम्ही आमच्यासाठी करा.

ताई, ते एक वाक्य मी कधी विसरणार नाही. तेव्हापासून दर बुधवारी भगिनी मंडळाची प्रार्थनासभा आटोपून तुम्ही चिठ्ठी घेऊन यायचात, जाड स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलेली नावं, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुलगा एमआयडीसीत कामाला होता त्याची नोकरी सुटलेली. तुम्ही वाचून दाखवायचात, तिला एकदा ऐकलं की पाठ, तरी चिठ्ठी ती चष्म्याच्या डबीत जपून ठेवायची आणि पहाटे उठून एकेकाचं नाव घ्यायची. पुढच्या बुधवारी तुम्ही टेकायच्या आत विचारायची, त्या पोरीचं काय झालं? मोकळी झाली का नीट? तुम्ही आधी सगळ्याचं उत्तर द्यायचात, मग चहा.

आणि स्तोत्र 121! तुम्ही वाचता वाचता चौथ्या ओवीला मुद्दाम थांबायचात आणि पुढचं सगळं आजी म्हणायची, आवाज एकदम खणखणीत. घरात दुसऱ्या कुणाला हे सुचलं नव्हतं. आम्ही तिची औषधं, पथ्य, डायपर सगळं मनापासून केलं, पण तिला काम दिलंत ते तुम्ही. म्हाताऱ्या माणसाला मंडळीची गरज असते हे आपण म्हणतो, पण मंडळीलाही त्याची गरज आहे हे त्याला दर आठवड्याला घरी येऊन पटवून देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. घरी पोरंबाळं, स्वतःच्या सासूबाईंचं आजारपण आणि तरी भर पावसातही तुमचा बुधवार चुकला नाही.

शेवटच्या चिठ्ठीतल्या ज्या ताईंचं हृदयाचं ऑपरेशन होतं त्या आता घरी आल्यात असं कळलं, मम्मीला फार बरं वाटलं ऐकून. राहिलेली नावं मी आणि मम्मी घेतोय. पुढच्या बुधवारी चिठ्ठी आमच्याकडेच पाठवा, किंवा स्वतःच या, जेवूनच जा.

तुमची,
आजीची नात