गादी उन्हात टाकून भागत नाही

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला डस्ट माइटवरचा, म्हणजे गादीतल्या धुळीत राहणाऱ्या अगदी बारीक जिवांवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलेच केलेत, पण 'महिन्यातून एकदा गादी कडक उन्हात टाका, अ‍ॅलर्जी गायब' हे वाक्य चौकटीत छापायला नको होते. गादी आतपर्यंत सुकली तर माइट मरतात, हे खरे. त्रास मात्र होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा, आणि ती उन्हाने जात नाहीत. गादी झटकली की तीच नाकात. ती धुऊनच काढावी लागतात. चादरी, अभ्रे, पांघरुणे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवावीत. गार पाण्याने प्रथिने बरीचशी निघतात, पण माइट जिवंत राहतात. मुलांची कापडी खेळणी गरम पाण्यात खराब होतात. ती पिशवीत बांधून दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग साध्या पाण्यात धुवावीत.

गादी धुता येत नाही, म्हणून तिला सगळीकडून बंद होणारी, चेनची खोळ हवी. कापडाची छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान. वरून नुसते अंथरायचे कव्हर घेतले तर कडेने सगळे बाहेर येते. आमच्या कोकणात पावसाळ्यात तर ऊनच नसते, आणि माइट हवेतल्या ओलाव्यावरच जगतात.

एअर प्युरिफायरची शिफारसही पटली नाही. माइटच्या विष्ठेचे कण जड असतात, अर्ध्या तासात खाली बसतात. रात्रभर तोंड उशीला लागलेले असते, तिथे यंत्र काय करणार?

सर्वांत खटकले ते हे, की लेखात दम्याच्या इनहेलरचे नावही नाही. नुसत्या खोळींनी मोठ्या माणसांचा दमा सुधारत नाही, हे ब्रिटनमधल्या हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत २००३ सालीच दिसले आहे. साफसफाई केली म्हणून कोणी डॉक्टरांना न विचारता इनहेलर बंद करू नये, एवढे तरी लिहायचे होते.

आणि लेखासोबतचे छायाचित्र ढेकणाचे आहे! डस्ट माइट जेमतेम पाव मिलिमीटरचा, चावत नाही. ते चित्र पाहून कोणी गादीवर फवारणी करून घेतली, तर त्या वासानेच दमेकऱ्याला धाप लागेल. कृपया दुरुस्ती तेवढ्याच ठळकपणे छापावी.

– एक वाचक, रत्नागिरी