गुरुजी, हे पत्र नातवाकडून वाचून घ्या

आदरणीय गुरुजी,
शि. सा. नमस्कार.

आज 1 जून. सकाळपासून फोनवर वाढदिवसाचे मेसेज येतायत आणि मला तुमची आठवण येतेय, कारण ही तारीख तुम्हीच दिलेली. आईला विचारलंत पोरगी कधीची, ती म्हणाली बेंदराच्या आसपास झाली, साल काय तिला ठाऊक नव्हतं, मग डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघितलंत आणि टाकाने रजिस्टरात 1 जून लिहून टाकलंत. आपल्या गावातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस आजच असतो.

मागच्या महिन्यात लग्नात भेटलात, पाया पडले, पण तुम्हाला आता कमी ऐकू येतं आणि मांडवात बँड वाजत होता, बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांसमोर लिहितेय.

1972 चा दुष्काळ. आपल्या माणदेशात पाऊस तसाही बेताचाच, पण त्या साली विहिरीसुद्धा आटल्या. वडील मुंबईला मिलमध्ये, आई खडी फोडायला जायची, संध्याकाळी ओच्यात सुकडी घेऊन यायची, आणि धाकट्याला सांभाळायला मी घरी. तिसरीत होते. पाच-सहा दिवस दिसले नाही तर तुम्ही थेट खडीच्या कामावर गेलात. आईने हात जोडले, म्हणाली पटावरून नाव कमी करा गुरुजी. तुम्ही एवढंच म्हणालात, "नाव राहू दे. तिला पाठवा, बाळाला पण घेऊन येऊ दे."

शाळा मारुतीच्या देवळात, चार कोपऱ्यांत चार वर्ग आणि तुम्ही एकटे. दुसऱ्या दिवशी मी धाकट्याला कडेवर घेऊन आले तर दोन खांबांना तुमचं जुनं धोतर झोळीसारखं बांधलेलं. ते धोतर मला अजून दिसतं गुरुजी, एका कडेला ठिगळ होतं, पांढऱ्या दोऱ्याचे बारीक टाके. चौथीला गणितं घालून पहिलीकडे वळताना तुम्ही झोळीला एक झोका द्यायचात, तोंडाने पावकी-निमकीचे पाढे चालूच, आणि धाकटा त्या सुरावर झोपून जायचा. आठवड्याभरात आणखी तीन पोरी आपापली भावंडं घेऊन आल्या आणि झोळ्या दोन झाल्या.

मग एक दिवस अचानक दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, आले. (जिल्हा परिषदा 1962 ला झाल्या, दिपोटी जाऊन विस्तार अधिकारी आले, पण गाव दिपोटीच म्हणायचं.) झोळ्या बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, आम्ही श्वास रोखून बसलेलो. तुम्ही हजेरीपट पुढे केलात आणि म्हणालात, "साहेब, ह्या झोळ्या सोडल्या तर ह्या चार पोरींची नावं खोडावी लागतील." त्यांनी पटावरून बोट फिरवलं, सही केली आणि काही न बोलता गेले.

गावचं पोस्टही तुमच्याकडेच, शाळा सुटली की ते सुरू. वडिलांची मनीऑर्डर आली की आई अंगठा द्यायची आणि मग पत्र ऐकायला देवळाच्या पायरीवर बसायची. एकदा पत्र वाचता वाचता तुम्ही मधेच थांबलात, मला पाणी आणायला पाठवलंत. वडील आजारी होते. मी तांब्या घेऊन परत येईपर्यंत आई डोळे पुसत होती आणि तुम्ही उत्तराचं कार्ड लिहायला बसला होतात. ती बातमी आईला एकटीने ऐकावी लागली नाही आणि माझ्या कानावर तशी पडली नाही, याचे आभार मानायचे राहिलेत.

तुमची स्वतःची पोरं दूर दुसऱ्या गावी होती, महिन्यातून एकदा एसटीने त्यांच्याकडे जायचात, आमच्या भावंडांना झोके देताना तुम्हाला काय वाटत असेल ते मला स्वतःची लेकरं झाल्यावर कळलं.

मी नर्स झाले गुरुजी. 36 वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, आता रिटायर आहे. धाकटा एसटीत कंडक्टर होता. आई शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायची. लग्नात हेच सांगायचं होतं.

पत्र वाचून झालं की तुम्ही चष्मा पुसायचात आणि आईला विचारायचात, "हं, बोला वहिनी, काय लिहू?" आता तुम्ही नातवाला सांगा काय लिहायचं ते. मी वाट बघते.

तुमची विद्यार्थिनी,
झोळीजवळ बसणारी