खरारा शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिवाय तुम्ही मला जे दाखवलंत, ते आखूड केसांचं कुत्रं असलेल्या पुण्यातल्या कितीतरी घरांच्या उपयोगी पडेल.

पशुसंवर्धन खात्यात व्रणोपचारक, म्हणजे जनावरांची मलमपट्टी करणारे, म्हणून तुमची हयात बैल, म्हशी, शेळ्यांमध्ये गेली. निवृत्तीनंतर कोथरूडला मुलाकडे आलात आणि आमच्या पार्किंगमध्ये गोटीच्या पाठीवरून उलटा हात फिरवून म्हणालात, "हिला खरारा हवाय, अंग घासून विंचरायला हवं." गावठी कुत्री, बोटभरसुद्धा केस नाहीत, तिला काय विंचरायचं, असंच तोवर सगळे म्हणत होते. केस मात्र घरभर असायचे. सतरंजीत, इस्त्रीच्या कपड्यांत, कधी कधी कणकेतसुद्धा! लांब केसांचे निदान पुंजके होतात, उचलता येतात. हे आखूड, ताठ केस कापडात रुतून बसतात आणि झाडूला दाद देत नाहीत.

तुम्ही रबरी दातांचा साधा ब्रश आणायला लावलात. मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने लहान लहान गोल फिरवायचा, म्हणजे मेलेले केस आणि कोंडा सुटून वर येतो. मग केसांच्या दिशेने मऊ ब्रश, शेवटी ओलसर सुती फडकं. पोटाशी, काखेत आणि जिथे हाड वर आलंय तिथे दाब द्यायचा नाही.

आणि ब्रशच्या आधी रिकामे हात, हा तुमचा नियम. डोळे मिटून अंगभर हात फिरव, म्हणायचात. गाठ, खपली, एखादी गरम जागा, हात लागताच तिने अंग चोरणं, हे बोटांना आधी कळतं. पट्ट्याखाली, कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड कुठे लपते ते तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढायची, बोटांनी चिरडायची नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. रॉकेल नाही, काडीचा चटका नाही.

गेल्या श्रावणात गोटीच्या अंगावर गोचिड्या सापडल्या. त्या काढल्या, पण पुढे ती मरगळली, खाईना. तुम्ही तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्यात आणि म्हणालात, "फिक्या दिसतात. घरगुती काही करू नका, आत्ता डॉक्टरांकडे चला." स्वतः रिक्षात बसलात. रक्तात एर्लिकिया निघाला, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप. प्लेटलेट्स खाली आल्या होत्या. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या म्हणून आज ती माझ्या पायाशी घोरते आहे. काका, हे मी विसरणार नाही.

दिवाळीच्या सुमारास वेताळ टेकडीवरचं गवत वाळतं, तेव्हाचीही तुमची शिकवण आहे. कुसळाचं टोक शिरलं की पुढेच सरकतं, सहज माघारी येत नाही. म्हणून टेकडीवरून उतरलं की आधी तिचे पंजे आणि कान बघायचे, मग आपला चहा. कानात ईअरबड घालायची नाही, हेही तुमचंच. कुत्र्याच्या कानाची नळी खाली उतरून आत वळते, त्यामुळे काडीने मळ आणखी आत ढकलला जातो. दिसतो तेवढाच भाग पुसायचा, वास किंवा काळा मळ आला तर डॉक्टर.

अंघोळीचं थोडक्यात सांगायचंत. महिना-दीड महिन्यातून एकदा, कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू, कारण आपल्या शाम्पूने त्यांची कातडी कोरडी पडते. साबण लावायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ धुवायला. आणि उन्हाळ्यात कितीही कोणी सांगितलं तरी केस काढून टाकायचे नाहीत, तेवढेच तिला उन्हापासून वाचवतात.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही दिलात तो नखांना. गोटीची नखं काळी, त्यामुळे आतला जीव, म्हणजे रक्ताचा जिवंत भाग, दिसत नाही. खसखशीएवढं कापायचं, कापलेला भाग बघायचा, मध्ये गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं. तुरटीची पूड वाटीत शेजारी ठेवायची, रक्त आलंच तर दाबायला. पण त्याआधी कितीतरी दिवस तुम्ही कात्री नुसती तिच्या पायाला टेकवून बाजूला ठेवायला लावलीत. "तिने पाय ओढला की सोडायचा. आज धरून ठेवलास तर उद्या ती देणारच नाही," असं म्हणालात. पंजाला हात लावू न देणारी गोटी आता आपणहून पाय पुढे करते. गुरांना तुम्ही असंच हाताळत असणार, नाहीतर एवढा धीर माणसाला कुठून येतो?

तिच्या डाव्या पायाचा वरचा अंगठा जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याचं नख पुन्हा वळायला लागलंय. रविवारी सकाळी तिला घेऊन खाली येते. कापीन मीच, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमची,
गोटीची आई, बी विंग