खुनी आईनं पकडला

प्रतापनगर, नागपूर
रविवार, रात्री

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळं बरं आहे. फोनवर बाबांना धड ऐकू येत नाही आणि आई दर दोन वाक्यांनी "जेवली का?" विचारते, म्हणून लिहूनच काढते आहे.

मोतीबिंदूच्या वेळी तुम्ही इथे होतात तेव्हा मी माझं नाटक वाचून दाखवलं होतं. बाबांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यामुळे बिचाऱ्यांना उठून जाताही आलं नाही! ते नाटक मी पुन्हा लिहिलं. कारण तुम्ही दोघांनी मिळून माझा खुनी बदलला.

बाबा तेव्हा अर्धवट झोपेत होते, म्हणून गोष्ट परत सांगते. तैग्रीस नदीच्या वळणातलं कुत-अल-अमारा, १९१६ साल. आत जनरल टाउनशेंडची फौज, तिच्यात आपल्या मराठा पलटणी, आणि बाहेर तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने चालला तो. घोडे कापून खायची वेळ आली. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घोड्याला हात लावला नाही, त्यामुळे त्यांचा सगळा भार मूठभर पिठावर. अशात पिठाचा हिशेब ठेवणारा हवालदार पहाटे खंदकात मरून पडलेला सापडतो, मानेत गोळी. सगळे म्हणतात, तुर्काची. त्याच्या सामानात घरी लिहिलेलं पत्र निघतं, वेढ्यामुळे टपालात न गेलेलं. त्यात लिहिलंय, पीठ मीच चोरलं. झालं, चोरही सापडला आणि मेलाही.

माझ्या पहिल्या खर्ड्यात डॉक्टर गोळी हातात घेतो आणि एका नजरेत सांगतो, ही आपल्याच रायफलीची आहे. बाबा पट्टीखालून म्हणाले, "असं दिसत नाही." इतकंच. मला राग आला होता. नंतर शोधलं तर तुर्कांची माउझर ७.६५ मिलिमीटरची आणि आपली थ्री-नॉट-थ्री ७.७ची. हाडावर आपटून वाकडी झालेली गोळी कंदिलाच्या उजेडात कोण ओळखणार? दोन गोळ्या शेजारी ठेवून ताडून पाहायचा सूक्ष्मदर्शक १९२५च्या सुमारास आला. माझा डॉक्टर दहा वर्षं आधीच हुशार झाला होता.

मग बाबांनी विजेच्या बिलाच्या पाठीवर एका डोळ्यानं खंदक काढून दिला. मी तो रस्त्यासारखा सरळ काढला होता. बाबांचा दर काही पावलांवर काटकोनात वळलेला. "एका टोकाला बॉम्ब पडला तर दुसऱ्या टोकाची माणसं वाचली पाहिजेत." म्हणजे एका वळणातून पुढच्या वळणातला माणूस दिसतही नाही. गोळी मागून आली असेल तर मारणारा त्याच वळणात असणार. आणि पहाटे स्टँड-टूला, म्हणजे हल्ला येईल म्हणून सज्ज राहायच्या वेळी, सगळे आपापल्या जागी उभे, कोण कुठे होता हे विचारावंही लागत नाही. माझे संशयित चौदा होते, बाबांनी पाच मिनिटांत तीनवर आणले. ते बिल मी जपून ठेवलंय (भरलंय, काळजी नको).

तीन जण, पण त्यातला कोण? पत्राच्या अक्षरावरूनही कळेना, कारण हवालदाराला लिहिता येत नव्हतं. कंपनीतली सगळी पत्रं एकच जण लिहायचा, बाकीचे सांगायचे. सगळ्यांच्या आयांना एकाच अक्षरातली पत्रं जायची.

आई तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हे पत्र त्यानं सांगितलंच नाही."

"काहून?"

"सगळ्याइले नमस्कार आहे, पण बैलाचं इचारलं नाही. शेतकऱ्याचं पोरगं नं तो?"

आणि मग बाबांनी ७१च्या युद्धात, डिसेंबरात घरी पाठवलेलं ते पत्र. मार्फत ५६ एपीओ (लष्करी टपाल), चार ओळी. तीन ओळी बैलाच्या खुरावर, आणि चौथीत आईला "तब्येतीस जपणे". नव्या नवरीला! आई हे पन्नास वर्षांनी सांगत होती आणि बाबा पट्टीखालून फक्त एवढंच म्हणाले, "लंगडत होता तो."

मी त्या रात्री झोपलेच नाही, शेवट लिहून काढला. पत्र लिहून देणारा शिपाईच चोर, आणि खुनीही तोच. सगळ्यांची पत्रं लिहिता लिहिता त्याला प्रत्येकाचं घर पाठ झालं होतं. फक्त तो स्वतः शहरात वाढलेला, गोठा त्याला माहीत नव्हता. आता सुभेदार शेवटी एकच प्रश्न विचारतो आणि तालमीत तिथे सगळे गप्प होतात. दिग्दर्शक म्हणाला, हे कुठून सुचलं? मी सांगितलं, आमच्या गावाहून, देवळीहून.

बाबा, खंदक नेपथ्यवाल्यानं तुमच्या चित्रावरून बांधायला घेतलाय, पण त्यानं कठडा छातीपर्यंतच ठेवलाय. पायरी कुठे आणि केवढी, ते पुढच्या रविवारी येऊन दाखवाल का? सकाळच्या एसटीनं आलात तर तर्री पोहे खाऊन तालमीला जाऊ. आई, ते पत्र ट्रंकेत असेल तर आण. पोस्टानं पाठवू नको.

थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत. बाबा तीन म्हणतील.

आणि बैलाचं नाव कळवा. आई पवळ्या म्हणाली तेव्हा बाबांनी मान हलवली होती, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते पट्टीमुळे समजलं नाही.

तुमची,
छोटी