दत्ता, बेल्ट पुढे घे

शनिवार, रात्रीचे अकरा

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा फोटो मंगळवारी मिळाला. नवीकोरी बोलेरो, बॉनेटवर झेंडूचा हार आणि स्टेअरिंगला तू. आईला दाखवला तर म्हणाली, दत्तू वाळलाय. म्हटलं, रात्रपाळ्या आहेत त्याच्या. जेवण झाल्यावर तो फोटो मोठा करून बघत बसलो, गाडी आतून कशी आहे ते बघायचं होतं. तेव्हा दिसलं की बेल्ट तुझ्या अंगावर नाहीच. तो सीटच्या मागून फिरवून बक्कल खटक्यात अडकवलंयस आणि त्याच्यावर पाठ टेकून बसलायस. गाडीनं बीप बीप करू नये म्हणून.

फोन केला असता तर तू "चल रे" म्हणून विषय उडवला असतास. म्हणून लिहितोय. तू पोलीस ट्रेनिंग सेंटरला होतास तेव्हा पाठवायचो, त्यानंतर तुला पत्र असं लिहिलंच नव्हतं.

आधी एक सांगतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. कारखान्याच्या रस्त्यानं आपण दोघं पहाटे साडेचारला पळायला जायचो. तू भरती झालास, मी गोळाफेकीत राहिलो. दोन वर्षं मनाला लागलं होतं ते, नंतर गेलं. तुझ्या खाकीचा मला आजही अभिमान आहे. माझ्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये कुणी पोलिसांवर वाटेल ते बोलायला लागलं की मी थांबवतो, माझा जिवाभावाचा माणूस त्यात आहे म्हणून सांगतो. तेव्हा हे त्या तोंडसुख घेणाऱ्यांपैकी कुणाचं पत्र म्हणून वाचू नकोस.

सध्या माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते. बी. फार्मला आहे, वडील टेलर. हाताला फार हुशार आहे, चौथ्या दिवशी हाफ क्लचवर चढाला गाडी धरली तिनं. परवा सकाळी तिला पहिल्यांदा मोठ्या चौकात नेलं. लाल दिवा लागला, आकडा चाळीसवरून खाली यायला लागला. पोरीनं गाडी रेषेच्या अलीकडे थांबवली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे बघितलं. मागून हॉर्न सुरू होते, तरी हलली नाही. मला इतकं बरं वाटलं.

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक मोटारसायकल आली. खाकीतले दोघं, डोक्याला काही नाही, मागचा फोनवर. झेब्रा ओलांडून, लाल दिवा तोडून सरळ निघून गेले. सायरन नाही, घाई नाही. चौक ओलांडला आणि पलीकडच्या रसवंतीपाशी गाडी लावली. तिच्याबरोबर मलाही ते सगळं दिसत होतं.

तिनं काहीच विचारलं नाही. हिरवा लागला, गाडी काढली, तास पुरा झाला. उतरल्यावर म्हणाली, "सर, एक दाखवू?" तिच्या वडिलांचं आठवड्यापूर्वी त्याच चौकात हेल्मेटचं चलान झालं होतं, त्यातला फोटो होता. स्कूटर, नंबर प्लेट, वडिलांची मागून दिसणारी टाळू, हँडलला शिवलेल्या कपड्यांची पिशवी. आणि फोटोच्या डाव्या कडेला पोलिसांची मोटारसायकल, पुढचं चाक झेब्राच्या पट्ट्यावर. आरशाला हेल्मेट नाही, हँडलला नाही, मागच्या सीटवरही नाही. ज्यानं पुरावा म्हणून हा फोटो काढला, त्याला त्यात आपलीच गाडी आल्याचं दिसलंही नसेल.

"पप्पांनी चलान भरलं," ती म्हणाली. "चूक माझीच आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी हेल्मेट आणलं. पैशांचं काही नाही वाटलं त्यांना. पण हा फोटो सारखा काढून बघत असतात."

दत्ता, मला त्या पोरीपुढे तोंड उघडता आलं नाही. पंधरा वर्षं मी लोकांना शिकवतोय की सिग्नलला थांबायचं ते पोलिसासाठी नाही, समोरून येणाऱ्या माणसासाठी. अख्खा महिना घालवून मी जे शिकवतो, ते त्या चौकात दहा सेकंदांत पुसलं गेलं.

त्या रात्री मी कायद्याचं पुस्तक काढलं. आम्हाला ठेवावंच लागतं, पण ठरावीक पानांपलीकडे आम्ही जात नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली, दंड वाढले, तेव्हा गावोगाव आरडाओरडा झाला तो तुला आठवत असेल. त्याच दुरुस्तीत कलम 210 ब आलं. 1 सप्टेंबर 2019 पासून ते लागू आहे. सरळ साधं कलम आहे: हा कायदा राबवण्याचा अधिकार ज्याला दिलाय, त्यानंच त्यातला गुन्हा केला तर त्याला दुप्पट दंड. हेल्मेटला कायद्यानं हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स बाद, म्हणजे तुम्हा लोकांना दोन हजार. बेल्टला हजार, तुम्हाला दोन. हेल्मेटच्या कलम 129 मध्ये पगडी बांधलेल्या शीख माणसाला सूट आहे, खाकीला नाही. हातात मोबाईल घेऊन चालवणं, लाल दिवा तोडणं, उलट्या दिशेनं जाणं हे सगळं कलम 184 खाली धोकादायक चालवणं धरलंय, आणि तिथंही तुम्हाला दुप्पटच.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये अकरा जण होते, त्यांना विचारलं. एकालाही हे कलम माहीत नव्हतं. त्यात एक निवृत्त मास्तर होते, रोज पेपर वाचणारे. ते म्हणाले, "असं आहे होय?" आणि वहीत लिहून घेतलं. दिल्लीच्या वाहतूक पोलिसांनी त्याच सप्टेंबरात परिपत्रक काढून आपल्या लोकांना हे कळवलं होतं. तुमच्या ठाण्याच्या फलकावर कधी लागलं होतं का रे? मला खरंच जाणून घ्यायचंय.

तू म्हणशील, कलम आहे, पण पावती फाडणार कोण? तुझ्याच तोंडून ऐकलेला तो शब्द आठवतो मला, "स्टाफ". गेल्या दिवाळीत आपण तुझ्या गाडीतून येत होतो. नाकाबंदीला शिपायानं हात केला. तू काच खाली करून एवढंच म्हणालास, "स्टाफ." त्यानं हात खाली घेतला, बॅरिकेड सरकवलं, वर सलाम केला. माझ्या मांडीवर तुझी धाकटी होती. पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, स्टाफ म्हणजे काय?" तू म्हणालास, "आपली माणसं." मीही तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, आपल्यामागं थांबवलेला तो टेम्पोवाला कोण होता मग? कागद काढायला त्याला खाली उतरवलं होतं.

हे एकट्या शिपायाच्या हातात नाही, हे मला कळतं. आपल्या साहेबाची गाडी अडवून तो रोजीरोटी धोक्यात घालणार नाही. 1982 सालची दिल्लीची गोष्ट आपण शाळेत असताना किती वेळा ऐकली होती! किरण बेदींनी पंतप्रधान कार्यालयाची गाडी उचलली म्हणून. त्यातली खरी गोष्ट मला मोठेपणी कळली. चुकीच्या जागी लावलेल्या त्या अँबेसिडरवर कारवाई केली होती एका सब-इन्स्पेक्टरनं. बेदी तेव्हा वाहतूक शाखेच्या उपायुक्त होत्या, त्या त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. मला ती गोष्ट अशी जास्त आवडते. वरचा माणूस मागं हटला नाही, म्हणून खालच्याला पेन चालवता आलं. तुमच्या जिल्ह्यात एखाद्या अधिकाऱ्यानं महिन्यातून एकदा आपल्याच ठाण्याच्या गेटवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या आपल्याच गाड्या तपासल्या, तर मी रजा काढून बघायला येईन.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2024 पासून कॅमेरे आलेत, त्यांना स्टाफ हा शब्द कळत नाही. पण आपल्या तालुक्यांत अजून सगळं त्या हातातल्या चलानच्या मशीनवर चालतं, आणि फोटो कुणाचा काढायचा ते मशीन धरणाराच ठरवतो.

तुमची बाजू मी विसरलोय असं समजू नकोस. 2016 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी विनाहेल्मेट पोराला अडवलं, त्यापायी त्यांच्या डोक्यात घाव घातला गेला आणि 31 ऑगस्टला ते गेले. त्या दिवशी तू मला फोन केला होतास, बोलता येत नव्हतं तुला. बंदोबस्ताच्या सोळा-सोळा तासांच्या ड्युट्या, भर उन्हात चौकात उभं राहणं, वर लोकांच्या शिव्या, हे मी तुझ्याकडूनच ऐकलंय. आणि तुमच्या गाडीला खरंच कुठं धावायचं असतं तेव्हा मी स्वतः शिकाऊ पोरांना सांगतो, सायरन ऐकला की डावीकडे घ्या, विचार करत बसू नका. जीव वाचवायला, दंगल रोखायला जाताना दिवा आणि सायरन लावून सिग्नल तोडायची मुभा तुम्हाला आहे, फक्त सांभाळून. ती मुभा असायलाच हवी. परवाची ती मोटारसायकल मात्र रसवंतीवर गेली होती.

मला वाटतं, हेल्मेट विसरलेल्या त्या टेलरला दंड झाला ते बरंच झालं. त्याचं डोकं वाचेल. 2022 साली देशात हेल्मेट नसलेली 50,029 माणसं रस्त्यावर मेली, सरकारचाच आकडा आहे. पण ज्यानं दंड केला त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, तर टेलरला आपल्या भल्याचं कुणीतरी सांगतंय असं वाटलं असतं. आता त्याला वाटतं, आपण सापडलो. तो फोटो सारखा काढून बघतो तो म्हणूनच.

आता मुद्द्याचं. तुझ्या बॅचचा तो पोरगा तुला विसरणं शक्य नाही. नाव लिहीत नाही, हात धजत नाही. रात्रगस्तीवर असताना उसाच्या ट्रॉलीवर जीप गेली. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता, साधं लाल फडकंही नव्हतं. ती ट्रॉली कुणी कधी अडवली नव्हती, आणि जीपमधल्या कुणाच्या अंगावर बेल्ट नव्हता. मागचे दोघं वाचले. हा काचेतून बाहेर गेला. सिव्हिलच्या व्हरांड्यातून पहाटे तू मला फोन केलास आणि एवढंच म्हणालास, "बेल्ट असता तर राहिला असता रे." ते मी विसरलेलो नाही. तू कसा विसरलास?

सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघरकडे सूर्या नदीच्या पुलावर गेले. कोट्यवधीची मर्सिडीज, मागच्या सीटवर, बेल्ट नाही. त्यानंतर बाजारात मिळणाऱ्या त्या नुसत्या बकलांवर, ज्यांनी बीप बंद होतो, केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2023 मध्ये कारवाई केली, ऑनलाइन कंपन्यांना ती विकायची बंद करायला लावली. ते बक्कल तू विकत घेतलं नाहीस, पण पाठीमागून बेल्ट अडकवणं म्हणजे तेच.

तू म्हणतोस, बेल्ट लावला की पटकन उतरता येत नाही, साहेबांचं दार उघडायला उशीर होतो. अरे, खटका दाबायला एक सेकंद लागतो. मी रोज तीसदा करतो. डावा हात हँडब्रेकवरून सरळ खटक्यावर आणायचा, उजवा दाराला. चार दिवसांत सवय होते. साहेब बोलले तर सांग, सर, तुम्ही पण लावा. माझ्या नावानं सांग हवं तर.

आणि पुढच्या नाकाबंदीला कुणी काच खाली करून "स्टाफ" म्हणाला, तर त्याला नमस्कार कर आणि लायसन्स माग. एकदाच करून बघ. काय झालं ते मला कळव, वाईट झालं तरी कळव.

त्या मुलीची टेस्ट येत्या गुरुवारी आहे. होईल पास. वडील रोज स्कूटरवरून तिला सोडायला येतात, हेल्मेट घालून, आणि ते काढून काखेत धरून माझ्याशी दोन शब्द बोलतात. आज विचारत होते, ते दुप्पट दंडाचं कलम कुठलं, लिहून द्या. मी लिहून दिलं.

यात्रेला ये, या वेळी रजा मिळाली नाही म्हणू नकोस. आईनं तुझ्यासाठी काळ्या मसाल्याचा डबा भरून ठेवलाय. वहिनींना नमस्कार, पोरींना गोड पापा.

तुझाच,
बाळू

ता. क. त्याच बोलेरोत बसून, बेल्ट छातीवरून घेऊन दुसरा फोटो काढून पाठव. वर्दीतलाच हवा. लर्निंगची पोरं जिथं बाकावर बसतात, तिथं समोरच्या भिंतीवर मोठा करून लावायचाय.