लेमन यलोची गाठ

पुणे,
९ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा विषय बदलतात आणि माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. आई, हे तू त्यांना मोठ्याने वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

बाबा, तुमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. ३ फेब्रुवारी, मंगळवार, चिपळूणला. न विचारता घेतली, हे चुकलंच माझं. पण विचारलं असतं तर आधी आंब्याचा मोहोर, मग फवारणी, मग आंबा उतरवणं आणि मग पाऊस, असंच झालं असतं. गेल्या वर्षी तसंच झालं. अण्णांच्या वेळी आपण सगळेच "बघू" म्हणत राहिलो होतो. तो शब्द मला आता घरात नको आहे.

दिवाळीत तुम्ही परटाचं, त्या शेपूट हलवणाऱ्या पक्ष्याचं, चित्र दाखवलंत. पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर उभा, शेपूट खाली येता येता क्षणभर थबकलेली. तशी शेपूट मला अजून जमत नाही, इथे चार कागद झाले, काडी चिकटवल्यासारखीच येते. पण बाबा, शेपटीखालचा पिवळा गेरूकडे गेला होता आणि पाठ निळी-जांभळी झाली होती. परटाची पाठ पाटीसारखी करडी आणि शेपटीखाली पिकल्या लिंबाचा पिवळा, हे तुम्हीच मला पाटाच्या कडेला उकिडवं बसवून शिकवलंत. मी चौथीत होते. "आधी बघ, मग ब्रश उचल," म्हणायचात.

मी तेव्हा काहीच बोलले नाही. तुम्ही आत गेल्यावर रंगांचा डबा उघडला. लेमन यलोच्या ट्यूबला लाल दोऱ्याची एक गाठ, यलो ऑकरला दोन, कोबाल्ट निळ्याला तीन. आई, गाठी तुझ्या हातच्या, मी ओळखल्या. म्हणजे तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी डबा होता तसा बंद केला आणि त्या रात्री झोप लागली नाही.

हात चुकलेला नाही, बाबा. डोळ्यातलं भिंग वयाने पिवळट-तपकिरी होतं, त्यातून निळा नीट पोचत नाही, म्हणून माणूस निळा जास्त घेतो आणि दोन पिवळ्यांतला फरक कळेनासा होतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं तर तुम्हीच मला सांगितलं होतंत. १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं कळलं आणि ऑपरेशनला १९२३ उजाडलं, वय ८२. तेव्हा ऑपरेशननंतर दिवसच्या दिवस डोकं न हलवता पडून राहावं लागे. आता दोन-तीन मिलिमीटरची चीर, सहसा अर्ध्या तासाच्या आत काम आणि संध्याकाळी आपण घरी. जेवायला आईच्या हातची मऊ खिचडी.

फेब्रुवारीच का, तेही सांगते. परीट मार्च-एप्रिलमध्ये जातो. हिमालयातल्या ओढ्यांकाठी दगडांच्या सांदीत त्याचं घरटं असतं. गुहागरहून सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरच्या वर, आणि वजन जेमतेम अठरा-वीस ग्रॅम! तुमच्या चष्म्याइतकं. ऊन, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व, सगळ्याचा अंदाज घेत हे छोटे पक्षी वाट काढतात. पायात कडी अडकवून पाहिलंय लोकांनी, कित्येकदा तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच जागी येतो. तुम्ही कालनिर्णयवर "परीट आला" लिहिता, तो कदाचित एकच असेल इतकी वर्षं. त्याला एवढ्या वाटेने येऊन आपली पोफळीतली डोण सापडते, हे आठवलं की मला अजून भरून येतं. जाण्याआधी नराच्या पांढऱ्या गळ्यावर काळं चढू लागतं. ते तुम्ही यंदा नव्या भिंगातून बघावं, एवढंच माझ्या मनात आहे. म्हणून फेब्रुवारी.

पैशाचं विचारू नका, सोय झाली आहे. मी १ तारखेला येते आणि दहा दिवस राहते. गाडी सांगितली आहे, एसटीने जायचं नाही. आई, शुगर आणि बीपीचे जुने कागद निळ्या पिशवीत काढून ठेव. रोजच्या गोळ्यांचं मी डॉक्टरांना विचारलंय, मनाने एकही बंद करू नका. ऑपरेशननंतर थेंब घड्याळ लावून घालायचे, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, वाकून नारळ उचलणं नाही, न्हाणीच्या चुलीपाशी धुरात बसणं तर अजिबात नाही. महाशिवरात्रीला व्याडेश्वराचं दर्शन पहाटेच, गर्दी व्हायच्या आत. ओटीवरचा तुमचा झोपाळा, सकाळचा दुसरा चहा, दुपारचा रेडिओ, यातलं काहीही बदलणार नाही. पेपर मी वाचून दाखवीन, अग्रलेखासकट.

दिवाळीतलं ते चित्र फाडू नका हं बाबा. तुमची सवय मला माहीत आहे. ते मला हवंय, ती शेपूट समोर ठेवून मला शिकायची आहे.

कोरा कागद मी इथूनच फळीवर ताणून आणते. आणि गड्याला सांगा, एवढ्यात डोण घासू नकोस. शेवाळावरचे किडे टिपायला परीट तिथेच उतरतो.

तुमची,
मनू