मापाच्या वहीतलं शेवटचं पान

सातारा,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझं पार्सल मिळून महिना उलटला. फोनवर 'वाचतोय, वाचतोय' म्हणालो ते खोटं होतं. तीसेक पानांवर पुस्तक मिटलं ते मिटलंच. आधी काय रागवायचं ते रागावून घे, मग पुढे वाच.

पुस्तक वाईट आहे असं नाही. पण त्याला फार घाई आहे रे. पहिल्या प्रकरणात दुःख 'स्वीकारायचं', दुसऱ्यात त्यातून 'शिकायचं', आणि तिसऱ्यात माणूस पहाटे पाचला उठून पळायलाच लागतो. ते उघडलं तेव्हा अण्णांना जाऊन सतरा दिवस झाले होते. पहाटे पाचला मलाही जाग यायची, पण पुढच्या खोलीत मशीन वाजत नाही म्हणून.

परवा दुकान आवरायला घेतलं. खडूचे तुकडे, बॉबिन, मोठी कात्री (तिला आम्हा पोरांना हात लावायची बंदी होती, आठवतं?) आणि मापाच्या वह्या. तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या, एकूण अकरा. एक सहज मागून उघडली. शेवटच्या पानावर, कुणाच्या तरी छाती-कंबरेच्या आकड्यांखाली, अण्णांच्या तिरक्या अक्षरात गीतरामायणातलं 'पराधीन आहे जगती' उतरवलेलं. सगळं नाही, मधली दोनच कडवी. त्यातलं ओंडक्यांचं कडवं पेन्सिलीने लिहून वरून पेनाने पुन्हा गिरवलेलं.

गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला सुरू झालं तेव्हा अण्णा दहा वर्षांचे होते. आठवड्याला एक गाणं, वर्षभरात छप्पन्न. त्यांच्या गल्लीत एकच रेडिओ होता. गाणं लागायच्या आधी त्याला हार घालायचे म्हणे. पुढे कॅसेट आल्या. फीत सैल पडली की बोटभर पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा मशीनवर बसायचं. 'या गाण्यावर टीप सरळ येते' असं ते म्हणायचे. बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, आवाज आणि पायमशीनची लय अशी काही जमून जायची की पायडल थांबलं तर गाणं अडल्यासारखं वाटायचं.

आणि आपण काय म्हणायचो? कॉलेजात याच गाण्यावरून मी तुझ्याशी तासभर भांडलो होतो. माणसाचे हातपाय बांधून ठेवणारं, दैववादी गाणं आहे, असं माझं ठाम मत. आता वही मांडीवर घेऊन बसलो आणि वाटलं, निदान हे ओंडके आले कुठून ते तरी पाहू.

आले थेट वाल्मीकींकडून. अयोध्याकांड, चित्रकूट. भरत रामाला परत न्यायला आलाय, दशरथ गेलेत, आणि राम म्हणतो, 'यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे'. महासागरात दोन लाकडं जवळ येतात, थोडा काळ बरोबर वाहतात, वेगळी होतात. गीतरामायण लिहिताना गदिमांनी त्या काष्ठाचा ओंडका केला, आणि इथे मी त्यांना सलाम करतो. 'काष्ठ' कसं कोरडं, होमासाठी ठेवल्यासारखं वाटतं. ओंडका पाणी प्यायलेला असतो, जड असतो. तो कुणाला तरी धडकल्याचा आवाज येतो.

खरी गंमत पुढे आहे. ही एवढी मोठी समजूत भरताला पटते का? अजिबात नाही! ऐकून घेतो आणि पुन्हा वाद घालायला लागतो. शेवटी तर दर्भ अंथरून रामाच्या दारात धरणं धरतो. ऐकत नाही तो नाहीच, अखेर पादुका डोक्यावर घेऊनच निघतो. म्हणजे ओंडक्यांच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

जवळजवळ हाच श्लोक महाभारतातही आहे, शांतिपर्वात. भांडारकर संस्थेतल्या लोकांनी 1919 ते 1966 एवढी वर्षं घालून, 1259 हस्तलिखितं ताडून जी संशोधित आवृत्ती केली, तिच्या चाळणीतूनही हा ओंडका गळला नाही. युद्ध संपलंय, युधिष्ठिराला राज्य नकोसं झालंय आणि व्यास त्याला हे ऐकवतात. त्याला तरी पटतं का? एका श्लोकाने काम भागलं असतं तर शांतिपर्व तीनशेच्या वर अध्याय कशाला चाललं असतं! इतकी माणसं त्याला समजावतात, भीष्म तर बाणांवर पडून बोलतात, आणि तो आपला पुन्हा विचारतोच. त्याला कुणी म्हणत नाही की बाबा, तिसरं प्रकरण झालं, आता पळायला लाग.

हे वाचल्यावर मी जरा मोकळा श्वास घेतला.

आई हल्ली जात्यावरच्या ओव्या म्हणत नाही, जातंच नाही. पण बहिणाबाई तिला तोंडपाठ. परवा मी तेच तेच बोलतोय हे ऐकून भाकरी थापता थापता म्हणाली, 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर. किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.' आणि भाकरी उलटली. पुढे एक शब्द नाही. ढोर पुन्हा पिकात शिरणारच हे शेतात राबलेल्या बहिणाबाईला ठाऊक होतं. तिने ढोराला दोष दिलेला नाही हे माझ्या आत्ता लक्षात आलं. चाळीस वर्षं ही ओळ मी 'मनावर ताबा ठेवा' अशा थाटात वाचत होतो.

प्रेरणा देणाऱ्या पुस्तकांशी माझं वैर नाही, गैरसमज नको. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, ते काय कमी प्रेरणा देतं? ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईला पदर पसरायला लावणाऱ्या श्यामची मी नक्कल करायचो आणि वर्ग हसायचा. तूही हसायचास. आता ते पान काढलं तर घसा दाटून येतो, नक्कल सुचत नाही.

तुझं पुस्तक मात्र परत पाठवणार नाही. नुसतं चाळताना दिसलं, चौऱ्याहत्तराव्या पानाच्या समासात तू पेन्सिलीने लिहिलंयस, 'अण्णांनी इंटरव्ह्यूची पँट शिवून दिली, शिलाई घेतली नाही.' तू ते माझ्यासाठी लिहिलंस की स्वतःसाठी, कळलं नाही. त्या पुस्तकातली तेवढीच ओळ मी तीनदा वाचली.

ती पँट कोणत्या वर्षीची, ते शोधायला पुन्हा वह्या काढल्या. सातवीत सापडलास. नाव, तारीख आणि खाली 'कंबर 28, उंची 39, खिसा आतून, घाई आहे'. शिलाईच्या रकान्यात रेघ.

गणपतीत वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. मशीनला तेल घातलंय, मला सरळ टीप जमायला लागलीये. येताना तुझ्या कंबरेचा आत्ताचा आकडा कळव, म्हणजे कापड किती घ्यायचं ते ठरवतो.

तुझाच,
बाळू